रविवार कुणी दिला?

मंडळी, रविवारची सुट्टी आपल्याला कुणी दिली, असं घरातल्या पोरांना विचारून बघा. ‘इंग्रजांनी’ हे उत्तर हमखास येतं. सरकारी कचेऱ्यांपुरतं ते खरंही आहे. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार कुणी आयता दिला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिलहॅण्ड्स असोसिएशन काढली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. त्यात दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला.

आता गंमत बघा... तोच रविवार मोबाइलने कसा अलगद काढून घेतला!

माझी भाची पुण्यात आयटीत आहे. रविवारी जेवतानाही फोन ताटाशेजारी असतो. तो थरथरला की घास हातातच राहतो.

"अगं, बंद करून ठेव ना तो!" ताई म्हणते.

"आणि बाकीच्यांनी चालू ठेवले तर?" भाचीचं उत्तर.

सगळं दुखणं या एका प्रश्नात आहे, असं मला वाटतं. भोंगा झाल्यावर एकटाच कामगार घरी बसला तर ती सुट्टी नव्हे, तो खाडा! सुट्टी व्हायची तर नियम सगळ्यांना एकच हवा. घरच्यांचे उपदेश तिथे पुरत नाहीत.

फ्रान्समध्ये हे कोर्टात गेलं. रुग्णवाहिका सेवेतल्या एकाला, कामाच्या वेळेबाहेर स्वतःच्या मोबाइलवर सापडला नाही म्हणून, नोकरीवरून काढलं होतं. यात त्याची काही चूक नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. पुढे कायदाही झाला. १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना याविषयी कामगार प्रतिनिधींशी बोलणी करणं भाग पडलं. ती फिसकटली तर मालकाने स्वतः नियमावली करायची.

आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये याच हक्काचं खाजगी विधेयक मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. १९७० नंतर एकाही खाजगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, तेव्हा फार आशा धरण्यात अर्थ नाही, हे कळतं.

पण लोखंड्यांनाही रविवार मिळवायला सहा वर्षं लागलीच होती की!