कचेरी सुधारली, भाषा राहून गेली

आदिलाबादच्या सरकारी कारभाराचा मूळ सांगाडा पहिले सालारजंग यांच्या काळातील आहे. ते 1853 मध्ये हैदराबादचे दिवाण झाले, तेव्हा राज्याचा महसूल मक्त्याने दिला जात असे. तालुकदार म्हणविणारा मनुष्य सरकारी नोकर नव्हता, ठेकेदार होता. ठरलेली रक्कम सरकारात भरावी आणि रयतेकडून जमेल तेवढे वसूल करावे, एवढाच त्याचा कारभाराशी संबंध.

सालारजंगांनी ही पद्धत मोडली. 1865 मध्ये जिल्हाबंदी झाली. अव्वल, दुय्यम व तिसरे असे पगारी तालुकदार नेमले गेले आणि त्यांच्या हाताखाली तहसीलदार आले. वसुलीचे काम देशमुख-देशपांड्यांकडून काढून घेण्यात आले व त्यांना रुसूम बांधून दिला गेला. पुढे जमिनीची मोजणी व धारेबंदी सुरू झाली, तीही इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या धर्तीवर. राज्य निझामाचे असले तरी सुधारणेचा साचा वसाहतीचाच होता. आपल्या भागात 1872 मध्ये सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा झाला. एदलाबाद, राजुरा व सिरपूर हे त्याचे तालुके. 1905 मध्ये त्याला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला.

ही सुधारणा खरी होती, हे मान्य केलेच पाहिजे. मक्तेदाराची मर्जी जाऊन तिच्या जागी नियम व नोंद आली. परंतु नोंद कोणत्या भाषेत, हा प्रश्न मात्र रयतेच्या बाजूने कोणी विचारला नाही.

कंपनी सरकारने 1837 च्या 29 व्या कायद्याने आपल्या न्यायालयांतून व महसुली कचेऱ्यांतून फारसी काढून देशी भाषा आणण्याचा मार्ग मोकळा केला होता. हैदराबादेतही 1884 च्या सुमारास फारसी गेली, पण तिच्या जागी उर्दू आली. पैनगंगा-वर्धेपलीकडे, इंग्रजी अमलातील चांदा जिल्ह्यात, कचेरीत मराठी चालत होती. अलीकडच्या राजुऱ्यात मात्र पटवाऱ्याने गावात मराठीत लिहावे आणि वरच्या कचेरीत उर्दूत निकाल लागावा, असा प्रकार होता. बोलणारे तेच, पीक तेच. नदी ओलांडली की दफ्तर बदले.

याची सर्वांत जबर किंमत गोंडांनी मोजली. कागदोपत्री व्यवहार वाढला, जंगले राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन नोंदीत नाही म्हणून परकी ठरली. 1940 मध्ये जोडेघाट येथे कोमराम भीम मारले गेले, तेव्हा कुठे सरकार जागे झाले. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे पाहणीचे काम आले. 1943 मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडीतील वाचनपाठ देवनागरीत छापले गेले. पुढे 1356 फसलीचा आदिवासी क्षेत्र विनियम आला. जमिनीचा हक्क आणि वाचता येणारे अक्षर यांची सांगड या जिल्ह्यात प्रथम घातली गेली ती इथे.

1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेडच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे तेलुगू राज्यात राहून आदिलाबादेत आली. सीमा मंडळागणिक आखली गेली. माणसे मात्र आपल्या भाषेसह जागच्या जागी राहिली.

यात तेलुगू बांधवांचा दोष नाही. उर्दू कचेरीसमोर तेही असेच तिष्ठत उभे होते. आमचे म्हणणे सीमेविषयी नसून कचेरीच्या खिडकीविषयी आहे. गाऱ्हाणे मांडण्याच्या भाषेविषयी अनुच्छेद 350 बोलतो आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयी 350-क. लोकसंख्येच्या लक्षणीय भागाने मागणी केल्यास तिच्या भाषेला राज्यात किंवा राज्याच्या एखाद्या भागात मान्यता देण्याचा निर्देश राष्ट्रपती 347 खाली देऊ शकतात. या तरतुदी आपोआप अमलात येत नाहीत. त्या मागाव्या लागतात, लेखी आणि पुनःपुन्हा.

सालारजंगांनी नोकर पगारी केला, जिल्हा आखला, वसुलीला शिस्त लावली. ज्याच्या नावाने नोंद होते, त्याला ती वाचता यावी, एवढे काम त्यांच्या सुधारणेत शिल्लक राहिले. ते पुरे करून घेणे आता आपल्याकडे आहे.