एक उपसागर, नऊ काउंट्या : सॅन फ्रान्सिस्को परिसरातील भूगोल, लोकसंख्या आणि शिक्षण (१८५०–२०२०)

प्रस्तावना

महानगर म्हटले की एक मुख्य शहर आणि त्याभोवती पसरलेली उपनगरे असे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को परिसराला हे चित्र लागू पडत नाही. येथे मध्यभागी शहर नसून पाणी आहे आणि त्या पाण्याभोवती नऊ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. मात्र तिचा कारभार शासननियुक्त जिल्हाधिकाऱ्याकडे नसून लोकनिर्वाचित मंडळाकडे असतो. या काउंट्यांतील पदवीधरांच्या प्रमाणात मोठी तफावत आढळते. ही तफावत तेथील शाळा-महाविद्यालयांच्या गुणवत्तेपेक्षा, कोणाला कोठे वस्ती करता आली या इतिहासाची निदर्शक आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

भौगोलिक रचना व सीमानिश्चिती

हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली तेव्हा किनाऱ्यालगतच्या खोऱ्यात पाणी शिरून हा उपसागर तयार झाला. सॅक्रामेंटो व सॅन वाकीन या नद्यांचे पाणी कार्किनेझ सामुद्रधुनीतून त्यात येते आणि गोल्डन गेटच्या अरुंद मुखातून पॅसिफिक महासागरास मिळते. पश्चिमेकडील द्वीपकल्पावर सॅन फ्रान्सिस्को व सॅन मटेओ, दक्षिणेस सांता क्लारा, पूर्वेस अलामिडा व कॉन्ट्रा कोस्टा, तर उत्तरेस सोलानो, नापा, सोनोमा व मरिन अशी या काउंट्यांची मांडणी आहे.

१८५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या पहिल्या विधिमंडळाने २७ काउंट्या निर्माण केल्या. त्यांपैकी सात या परिसरातील होत्या. १८५३ मध्ये अलामिडा आणि १८५६ मध्ये सॅन मटेओ या काउंट्या अस्तित्वात आल्या. प्रवास घोड्यावरून वा नावेतून होत असतानाच्या काळात आखलेल्या या सीमा पुढे रेल्वे, पूल आणि महामार्ग आले तरी बहुतांशी कायम राहिल्या.

लोकसंख्येचे स्थलांतरित केंद्र

जनगणनेचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

| काउंटी | १९०० | १९५० | २०२० |
|---|---|---|---|
| सॅन फ्रान्सिस्को | ३,४२,७८२ | ७,७५,३५७ | ८,७३,९६५ |
| अलामिडा | १,३०,१९७ | ७,४०,३१५ | १६,८२,३५३ |
| सांता क्लारा | ६०,२१६ | २,९०,५४७ | १९,३६,२५९ |
| सोनोमा | ३८,४८० | १,०३,४०५ | ४,८८,८६३ |
| सोलानो | २४,१४३ | १,०४,८३३ | ४,५३,४९१ |
| कॉन्ट्रा कोस्टा | १८,०४६ | २,९८,९८४ | ११,६५,९२७ |
| नापा | १६,४५१ | ४६,६०३ | १,३८,०१९ |
| मरिन | १५,७०२ | ८५,६१९ | २,६२,३२१ |
| सॅन मटेओ | १२,०९४ | २,३५,६५९ | ७,६४,४४२ |
| एकूण | ६,५८,१११ | २६,८१,३२२ | ७७,६५,६४० |

१९०० मध्ये निम्म्याहून अधिक लोक एकट्या सॅन फ्रान्सिस्कोत राहत होते. २०२० मध्ये हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर आले. १९०६ च्या भूकंपानंतर अनेक कुटुंबे पूर्व किनाऱ्यावर गेली. १९३६ मध्ये बे ब्रिज आणि १९३७ मध्ये गोल्डन गेट पूल खुला झाला. दुसऱ्या महायुद्धात रिचमंड व व्हॅलेहो येथील जहाजबांधणीने कॉन्ट्रा कोस्टा आणि सोलानोत कामगारवर्ग आणला. फळबागांसाठी प्रसिद्ध असलेल्या सांता क्लारात युद्धोत्तर काळात इलेक्ट्रॉनिक्स उद्योग वाढला व १९५० ते १९६० या एकाच दशकात तेथील लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या भारतीय अभियंत्यांची, आणि त्यांत मराठी भाषकांचीही, कुटुंबे मुख्यतः सांता क्लारा व अलामिडा येथे स्थिरावली.

शिक्षणसंस्थांचा विस्तार

उच्च शिक्षणाचा प्रारंभ सीमानिश्चितीच्या सुमारासच झाला. १८५१ मध्ये सांता क्लारा येथे जेझुइट महाविद्यालय, तर १८५२ मध्ये सोलानोतील बेनिशिया येथे मुलींची शिक्षणसंस्था सुरू झाली. हीच संस्था १८७१ मध्ये ओकलंडला जाऊन पुढे मिल्स कॉलेज म्हणून नावारूपास आली. सॅन फ्रान्सिस्कोतील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयही १८७१ मध्ये सॅन होजेला गेले. १८६८ मध्ये स्थापन झालेले कॅलिफोर्निया विद्यापीठ १८७३ मध्ये ओकलंडहून बर्कलीस स्थलांतरित झाले. १८९१ मध्ये सांता क्लारा काउंटीत स्टॅनफर्ड विद्यापीठ सुरू झाले; १९५१ मध्ये त्याच्याच जमिनीवर औद्योगिक वसाहतीचा पाया घातला गेला. १९६० च्या उच्च शिक्षणाच्या बृहत् आराखड्याने सार्वजनिक संस्थांची त्रिस्तरीय रचना निश्चित केली.

संस्था जेथे, तेथे पदवीधर असा निष्कर्ष यावरून काढावासा वाटेल. परंतु उत्तरेकडील काउंट्या त्याला छेद देतात. मरिनमध्ये एकही मोठे सार्वजनिक विद्यापीठ नाही. तरीही २०२० च्या सुमारास तेथील सुमारे ६० टक्के प्रौढांकडे पदवी होती. त्याच उत्तर किनाऱ्यावरील सोलानोत हे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी होते. मरिनचे पदवीधर प्रामुख्याने मरिनमध्ये घडले नाहीत. ते अन्यत्र शिकून, महागडी घरे परवडत असल्याने, तेथे राहावयास आले. सोलानोची जडणघडण मात्र नौदलाची गोदी व तिच्यावर अवलंबून असलेल्या श्रमिकांनी केली.

सीमा आणि शाळा

ही प्रक्रिया सर्वाधिक स्पष्टपणे सॅन फ्रान्सिस्किटो ओढ्याच्या काठी दिसते. ओढ्याच्या एका बाजूस सांता क्लारा काउंटीतील पालो अल्टो, तर दुसऱ्या बाजूस सॅन मटेओ काउंटीतील ईस्ट पालो अल्टो आहे. घरविक्रीतील वर्णभेदामुळे १९६० च्या दशकात ईस्ट पालो अल्टोत कृष्णवर्णीयांची वस्ती एकवटली. तेथील रेव्हन्सवुड हायस्कूल १९७६ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी पालकांनी न्यायालयात धाव घेतली. टिन्स्ले खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दाव्यात १९८६ मध्ये तडजोड होऊन रेव्हन्सवुड विभागातील अल्पसंख्य विद्यार्थ्यांपैकी मर्यादित संख्येला शेजारच्या शालेय विभागांत, काउंटीची सीमा ओलांडून पालो अल्टोतही, प्रवेश मिळू लागला.

शाळांच्या खर्चाचा स्थानिक मालमत्ता कराशी असलेला संबंध हे या वादाचे मूळ होय. १९७१ च्या सेरानो निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा करावर विसंबलेली विषम व्यवस्था समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. तरीही ज्या विभागांचे कर-उत्पन्न राज्याने ठरविलेल्या रकमेहून अधिक असते, त्यांना तो वाढीव निधी स्वतःकडे ठेवता येतो. पालो अल्टो त्यांपैकीच एक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, काउंटीनिहाय शैक्षणिक टक्केवारी हा केवळ शिक्षणाचा निर्देशांक नाही. जमिनीची किंमत, पुलांची सोय, उद्योगांचे स्वरूप आणि वस्तीवरील निर्बंध यांची ती बेरीज आहे. संस्था उभारल्याने विषमता आपोआप दूर होत नाही. त्या संस्थेच्या दारापर्यंत पोहोचण्याचा हक्क कोणत्या सीमेशी अडतो, हेही तपासावे लागते. शैक्षणिक आकडेवारीचा अभ्यास करताना भूगोल आणि इतिहास या दोन्ही शाखांची सांगड घालणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.