घरातले बोलणे आणि १९४२ ची महिला परिषद

अमरावतीचे नाव निघाले की आपल्याकडे १९२७ च्या नोव्हेंबरातील परिषद आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न यांची आठवण हमखास दिली जाते. ती दिली पाहिजेच. पण याच अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे १९४२ च्या जुलैत नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या, हे माझ्या वर्गातील मुलामुलींना क्वचितच ठाऊक असते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) लिहिले नसते, तर मला तरी ते कितपत कळले असते?

परिषद २० जुलैची. त्याच दिवसांत नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला होता. जमलेल्या हजारो स्त्रियांपुढे बाबासाहेब स्वच्छतेविषयी, शिक्षणाविषयी बोलले. तो भाग आपल्या व्याख्यानांतून पुन्हा पुन्हा येतो. एक भाग मात्र पुढारी मंडळी चटकन ओलांडून जातात. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी होण्याचे नाकारावे, त्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, असे ते म्हणाले होते.

मैत्रीण हा शब्द त्या काळच्या घरांत कसा ऐकू गेला असेल? त्यानंतर पन्नास वर्षांनी, मी अकोल्याच्या ज्या वस्तीत वाढले तिथेही आई वडिलांशी सरळ बोलत नसे. मध्ये मी. “तुह्या बापाले सांग, भाकर वाढली.” वडील दोन हातांवर बसलेले असत. त्यांना ऐकू गेलेले असेच. तरी मी सांगायचे आणि ते मला उत्तर द्यायचे. शेजारपाजारीही हीच रीत होती आणि सारे तिला मर्यादा म्हणत. आई दिवसभर जिनात कापसात राबे, मजुरी मोजून घरी आणी. पण त्या पैशाचे काय करायचे, हे तिने वडिलांना स्वतःच्या तोंडाने विचारल्याचे मला आठवत नाही.

हल्ली नवरा-बायकोने एकमेकांशी कसे बोलावे यावर व्याख्याने होतात. आधी ऐकून घ्या, रागात बोलू नका. सल्ला खोटा नाही. पण दोघेही बोलायला सारखेच मोकळे आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. १९४२ च्या बायांनी ते धरले नाही. मैत्रीण व्हा हे ऐकणाऱ्या त्याच परिषदेने घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मागितला आणि बहुपत्नीत्वाविरुद्धही ठराव केला. एकाला सवत आणण्याची मुभा आणि दुसरीला निघून जाण्याची वाट नाही, अशा घरात तिचे ऐकले जाईल कशावरून? सुलोचनाबाई तर संततिनियमनावर बोलल्या. अंथरुणावरही जो विषय बाईने काढायचा नाही, तो त्यांनी हजारोंच्या सभेत काढला!

कोणी म्हणेल, आपल्यात काडीमोड आणि पाट पूर्वीपासून होतेच, मग कायदा कशाला? होते. उच्चवर्णीय स्त्रीला नसलेली ती मोकळीक होती, हेही खरे. पण काडी मोडायची ती पंचांपुढे, आणि पंच सगळे पुरुष. बाईची बाजू बहुधा तिचा बाप नाहीतर भाऊ मांडायचा. नागपूरची मागणी कायद्यात यायला १९५५ साल उजाडले. मधल्या काळात हिंदू कोड बिल रखडवले गेले आणि बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट दिला, पहिली असताना दुसरी करण्यास बंदी घातली. आणि रूढीने चालत आलेली काडीमोडही शाबूत ठेवली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

तरी आमच्याकडे फारकत अजून स्टॅम्पपेपरवर लिहिली जाते. असा एक कागद एका विद्यार्थिनीने मला वाचायला आणून दिला. ‘मी राजीखुशीने’ अशी सुरुवात, खाली तिच्या बहिणीची सही. मजकूर कोणी सांगितला, म्हणून मी विचारले. भावाने, ती म्हणाली. ताई तेव्हा बाहेर ओट्यावर बसली होती.