जपानच्या सुनांची हकीकत

म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा कोणी करावी, हा प्रश्न आपल्याकडे उंबरठ्याच्या आतच राहतो. जपानात तो बायकांनी चारचौघांत मांडला, ती हकीकत भगिनींना सांगावीशी वाटते.

तिकडेही हे काम पूर्वी बहुधा थोरल्या सुनेचे असे. १९७२ साली सावाको आरियोशी या लेखिकेने स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याचे करणाऱ्या सुनेवर कादंबरी लिहिली. ती खूप वाचली गेली. १९७३ पासून सत्तरीपुढच्यांना औषधोपचार मोफत झाला. मग घरी बघणारे कोणी नाही म्हणून कितीतरी वृद्ध महिनोन्‌महिने इस्पितळातच राहू लागले. १९८३ साली केइको हिगुची यांनी स्त्रियांची संघटना उभारली. शुश्रूषा ही साऱ्या समाजाची जबाबदारी, असे त्यांचे सांगणे.

१९९७ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २००० पासून तो अमलात आला. चाळिशीपुढच्यांनी वर्गणी भरायची; वृद्धाची गरज तपासली की मदतनीस घरी येते, किंवा दिवसा केंद्रात सांभाळतात. आरंभी खर्चाचा दहावा हिस्सा ज्याचा त्याने द्यायचा होता. उरलेला निम्मा करांतून, निम्मा वर्गणीतून. जर्मनीत १९९५ पासून घरच्यांना रोख रक्कमही घेता येते. जपानने ती ठेवली नाही. रोख मिळाली तर सून पुन्हा अंथरुणापाशीच बांधली जाईल, असे हिगुचीबाईंचे म्हणणे होते.

आपल्याकडे २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला, हे चांगलेच झाले. पण पैशाने कूस बदलून होत नाही. त्याला माणूस लागते. त्या माणसाला विसावा कोण देणार, याचा विचार आपल्या मंडळाने अवश्य करावा.