अडुळशाच्या पानाची खूण

आमच्या आजीचं घर जालन्यात, मस्तगडाजवळ. निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली इथला किल्ला बांधला, मस्तगड त्यातलाच. पण आजचा विषय किल्ला नाही, काढा आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळा देश काढा पीत होता. मीही ऑनलाईन अडुळशाची पावडर मागवली. आजीने पुडा हुंगला आणि म्हणाली, "पान आण, सांगते. भुकटीला काय नाव असतं?"

आजीचं शास्त्र हातात होतं. तुळशीचं पान ती नुसतं चोळायची, गवती चहा मात्र फाडून, गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकायची. कारण नंतर कळलं. तुळस आणि पुदिन्याचं सुगंधी तेल पानावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं, बोट लागलं की फुटतं. गवती चह्याचं तेल पानाच्या आतल्या पेशींत असतं. आणि खोडाचं म्हणाल, तर तुळस-पुदिन्याचं चौकोनी. गवती चह्याचं जे खोड वाटतं, ते खरं तर एकात एक गुंडाळलेले पानांचे आवरणासारखे तळभाग!

हे पेशींचं जग १६८२ मध्ये नेहेमाया ग्रू या इंग्रज डॉक्टरने आपल्या ग्रंथात चित्रांसकट मांडलं. आपल्याकडे मुंबईत विल्यम डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 'फार्माकोग्राफिया इंडिका' लिहिला, तो १८९० च्या दशकात आला. पुढे १९१८ मध्ये कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बी. डी. बसू यांचा 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' आला. त्यातली चित्रं सुरेख, पण ती अख्ख्या झाडाची. भुकटीचं काय?

तिथे मायक्रोस्कोप लागतो. अडुळशात भेसळ होते महारुखाच्या पानांची. अडुळशाच्या पानात कॅल्शियम कार्बोनेटचे लांबट खडे असतात, सौम्य आम्ल टाकलं की बुडबुडे येतात. महारुखात हे खडे नसतात. शिवाय अडुळशाच्या प्रत्येक पर्णरंध्राशी दोन पेशी काटकोनात बसलेल्या दिसतात. आमच्या भाषेत सांगायचं तर भुकटी म्हणजे कंपाईल केलेला कोड, आणि मायक्रोस्कोप त्यातून सोर्स परत वाचून दाखवतो.

माझा पुडा खरा होता की खोटा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो तसाच पडून राहिला. आता आजीच्या अंगणातल्या अडुळशाची फांदी आणून पुण्याच्या बाल्कनीत लावली आहे. पान डोळ्यांनी दिसतं, तेवढं पुरे. असो.