तबकडीवरील नाव

घड्याळ ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. माणसाला वेळेच्या बाबतीत खरे बोलावयास तिने शिकविले, आणि तिच्याच अंगावर खोटे नाव लिहिण्याचा उद्योग निदान अडीचशे वर्षे अव्याहत चालू आहे. विख्यात स्विस कारखान्यांच्या घड्याळांच्या हुबेहूब नकला आज 'फर्स्ट कॉपी' या नावाने बाजारात मिळतात. त्या फसून घेणारे आहेत, तसे जाणूनबुजून घेणारेही आहेत. एवढेच नव्हे, तर अशा नकला जमविणारे, त्या उघडून त्यांची काच, काटे, तबकडी बदलणारे, मुळाबरहुकूम त्या अधिकाधिक सरस करू पाहणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत. त्यांना लबाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबून विचारले पाहिजे की, नकली घड्याळात नेमके नकली काय असते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण प्रथम यंत्राच्या घड्याळापूर्वीच्या काळात जाऊ. लग्नाचा मुहूर्त साधावयाचा तर आपल्याकडे पाण्यात घटिकापात्र सोडीत. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी चढे, वाटी भरे, बुडे, आणि एक घटका सरे. अशी वाटी अहोरात्रात साठ वेळा बुडावी, हे प्रमाण सूर्यसिद्धान्तात दिलेले आहे. म्हणजे घटका चोवीस मिनिटांची. 'घटका भरली' हा आपला वाक्प्रचार या वाटीनेच दिला. आता पाहा, या वाटीवर कारागिराचे नाव असण्याची काही गरज नव्हती. साठ वेळा बुडाली तर खरी, एकसष्ट वेळा बुडाली तर खोटी. खरेखोटेपणा सारा मापात होता. माप सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून तेथे नावाला किंमत नव्हती.

खिशातल्या घड्याळाने ही स्थिती पालटली. त्याचे यंत्र झाकणाआड गेले. चाके कशी कापली आहेत, कमान कोणत्या पोलादाची आहे, हे विकत घेणाऱ्याला दिसेना, आणि दिसले तरी समजेना. जेथे डोळा पोहोचत नाही तेथे माणूस विश्वासावर चालतो, आणि विश्वासाला नाव लागते. १६९८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून घड्याळावर कर्त्याचे नाव व गाव कोरणे आवश्यक केले. पुढे लंडनच्या घड्याळांचा लौकिक युरोपभर झाला आणि त्याबरोबरच लंडनच्या नावाची चोरीही सुरू झाली. अठराव्या शतकात डच धाटणीची, पण बव्हंशी जिनीव्हाच्या बाजूला बनलेली स्वस्त घड्याळे 'लंडन' असा शिक्का मारून विकली जात. पॅरिसचा थोर कारागीर ब्रेगे याला नकलांचा इतका उपद्रव झाला की, १७९५ च्या सुमारास त्याने आपल्या तबकड्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, तिरप्या उजेडात धरली तरच वाचता येणारी गुप्त सही कोरण्यास प्रारंभ केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन घड्याळे नावारूपाला आली, तेव्हा स्वित्झर्लंडच्या काही कारखान्यांनी त्यांच्याही नकला काढल्या. ज्या देशाच्या नावाची आज जगभर नक्कल होते, त्या देशातल्या काही कारखानदारांनी एकेकाळी हाच धंदा केला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या देशात स्विस घड्याळांचा व्यापार मुंबईच्या वाटेने आला. फाव्र-ल्यूबा या घराण्याने १८६५ साली हिंदुस्थानात पाऊल टाकले. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून मुंबईची झाली. तिने आपल्या घड्याळाला 'सोवार', म्हणजे आपला घोडेस्वार, हे नाव दिले. मालावरील खोट्या नावांना व खुणांना आळा घालणारा कायदा १८८९ साली येथे झाला. परभणीकडे हे युग आगगाडीबरोबर आले. हैदराबाद ते मनमाड हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि गावाच्या वेळेशेजारी एक दुसरी वेळ येऊन बसली. १९०६ च्या १ जानेवारीपासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. परभणीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा या प्रमाणवेळेच्या घड्याळात सरासरीने बारा वाजून तेवीस मिनिटे झालेली असतात. सावली पाहून स्टेशनावर जाणाऱ्याची गाडी चुकणारच! घड्याळ ही श्रीमंतांची हौस राहिली नाही, ती गरज झाली.

आणि गरज झाली की वस्तू स्वस्तही व्हावी लागते. ते काम रॉस्कोफ नावाच्या कारागिराने केले. कमीत कमी भागांचे, धातूच्या साध्या डब्यातले, वीस फ्रँक किमतीचे घड्याळ त्याने १८६७ साली मजुरांसाठी बनविले. त्याने ते भारी घड्याळ म्हणून विकले नाही. स्वतःचे नाव घालून, स्वस्त म्हणूनच विकले. ते लोकांनी उचलून धरले आणि मग त्याच्या नावाच्याही नकला निघाल्या. स्वस्तपणा आणि खोटेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून दिसते.

हा भेद परभणी जिल्ह्याला परक्यांकडून शिकावा लागला नाही. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथे रुपये दोन होते : एक निजामाचा हाली, दुसरा इंग्रज सरकारचा कळदार. सात हाली दिले की सहा कळदार येत. रुपया म्हटला तरी दोहोंचे मोल सारखे नव्हते, आणि बाजारात प्रत्येकजण 'हाली की कळदार?' असे विचारूनच सौदा करी. परंतु हाली रुपयाला कोणी खोटा रुपया म्हटले नाही. तो उणा होता, पण त्याच्या अंगावर चारमिनार होता, इंग्रज राजाचे मुखवटे त्याने लावले नव्हते. उणे नाणे आणि खोटे नाणे यांतला फरक आपल्या आजोबा-पणजोबांना व्यवहाराने ठाऊक होता. घड्याळाच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी, असे आमचे म्हणणे आहे.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर बंधने पडली. इकडे घड्याळाची ओढ वाढतच होती. लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ देण्याची चाल खेडोपाडी पसरली. वधूपित्याला कर्ज काढूनही त्या मनगटाची सोय पाहावी लागे. मागणी असते आणि माल नसतो तेथे चोरवाट तयार होते. चोरून आणलेल्या घड्याळांचा सुळसुळाट किती होता, याची साक्ष कायद्याच्याच पुस्तकात आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १२३ व्या कलमाने जप्त केलेला माल चोरटा नाही हे सिद्ध करण्याचा भार काही वस्तूंपुरता मालकावर टाकला. त्यांत सोन्याच्या जोडीला घड्याळांचे नाव घातले गेले. 'जगात जर्मनी, देशात परभणी' असे आपण हौसेने म्हणतो. पण मनगटावर मात्र 'फॉरेनचे' असले म्हणजे मान ताठ होई, हेही खरे.

याच काळात, १९६१ साली, बंगळूरला सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळ-कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने सुरू झाला. तेथले 'जनता' हे सतरा रत्नांचे, चावीचे घड्याळ घरोघर पोहोचले. त्याचे यंत्र जपानी रचनेवरून घेतलेले होते. तेव्हा ती नक्कल म्हणावयाची काय? मुळीच नाही. विद्या रीतसर घेतली होती आणि तबकडीवर नाव आपले होते. काही तबकड्यांवर तर अंकही देवनागरी होते.

आता घड्याळजींकडे वळू. डोळ्याला भिंग लावून बसणारा हा कारागीर सुटे भाग मिळत नसत त्या काळात दोन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करी. पुसलेली तबकडी पुन्हा रंगवून घेई. ही दुरुस्ती होती, आणि तीत काही लपविलेले नव्हते. घड्याळ ज्याचे त्यालाच परत जात होते. पण जुन्या घड्याळांना जगभर गिऱ्हाईक मिळू लागले तेव्हा याच कौशल्याचा व्यापार झाला. जुने यंत्र, दुसऱ्याच घड्याळाचा डबा, तिसऱ्याचे काटे आणि भडक रंगाची नवी तबकडी, असा संसार मुंबईत जुळवून तो 'अस्सल जुने स्विस' म्हणून परदेशी जाऊ लागला. तिकडच्या संग्राहकांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे नावच देऊन टाकले. आपल्या शहराचे नाव अशा रीतीने प्रसिद्ध व्हावे, हे काही भूषण नव्हे. एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला, तेव्हापासून साध्या 'जनता'लाही संग्राहकांचा भाव आला आणि तिच्याही नव्या तबकड्या जुन्या म्हणून खपू लागल्या.

आजच्या फर्स्ट कॉपीचे यंत्र पुष्कळदा चीनमध्ये बनते, आणि त्यांतली काही यंत्रे जुन्या स्विस रचनेबरहुकूम असतात. तेवढ्यात अपराध नाही. पेटंटची मुदत वीस वर्षांची. ती सरली की रचना सर्वांची होते. नावाचे तसे नाही. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे नोंदलेले नाव दर दहा वर्षांनी पुन्हा नोंदवून कितीही काळ राखता येते, आणि ते खोटेपणाने वापरणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचा हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो. विद्या वाटून घेण्याची गोष्ट आहे. नाव मात्र ज्याने कमावले त्याचे.

म्हणून घड्याळे उघडून त्यांत फेरफार करणाऱ्या हौशी तरुणांना आम्ही दोष देणार नाही. केसाएवढी कमान चिमट्यात धरण्याचा हात त्यांना साधतो. मनगटावर नुसती किंमत मिरविणाऱ्याला तो कधीच साधत नाही. पण तो हात परक्या नावाच्या चाकरीला का लावावा? कोणालाही विकत मिळणारे जपानी यंत्र घ्यावे, डबा-काटे आपल्या पसंतीचे बसवावेत आणि तबकडी कोरी ठेवावी किंवा तिच्यावर आपलेच नाव घालावे. ते घड्याळ हाली ठरेल, पण खोटे ठरणार नाही.

आणि ज्यांच्या घरी वडिलांचे घड्याळ पेटीत पडून आहे त्यांनी ते दुरुस्तीला देताना एवढे करावे : जुनी तबकडी रंगवू देऊ नये, बदलावीच लागली तर काढलेली तबकडी पुडीत बांधून परत मागावी, आणि कोणता भाग कधी बदलला हे चिठ्ठीवर लिहून घड्याळाजवळ ठेवावे. नातवाच्या हाती ते जाईल तेव्हा त्यातला प्रत्येक भाग जुना नसेल. परंतु ती चिठ्ठी असली म्हणजे ते घड्याळ खरे राहील.