जेकार्डचा माग आणि संगणकाचा पहिला पाठ



सोलापूर म्हणतांच चादर आठवते. संगणक कोणास आठवत नाहीं. तथापि या दोहोंचें नातें जुनें आहे. आणि सहावी-सातवीच्या मुलांना संगणकशास्त्र कसें शिकवावें, या प्रश्नाचें उत्तर मला त्या नात्यांतच सांपडलें. तेंच आज आपणांपुढें ठेवितों.

फ्रान्समधील लियाँ शहरच्या जाकार नांवाच्या कारागिरानें १८०४ सालीं आपला माग सिद्ध केला. त्यांत बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठीं भोंकें पाडलेला एक पुठ्ठा असतो. भोंक असेल तेथें ताण्याचा धागा उचलला जातो. नसेल तेथें तो खालींच राहतो. मधून धोटा जातो आणि नक्षीची एक ओळ उमटते. हे पुठ्ठे ओवून माळ केली, कीं विणकराला नक्षी स्मरणांत ठेवण्याचें कारण उरत नाहीं. याच पुठ्ठ्यांची युक्ति इंग्लंडांत चार्ल्स बॅबेजनें आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीं घेतली. एडा लव्हलेसनें १८४३ सालीं त्या यंत्राविषयींच्या टिपणांत बर्नुली संख्या काढण्याची रीत पायरीपायरीनें मांडिली. यंत्र पुरें झालें नाहीं. आज्ञावलीची कल्पना मात्र टिकली. पुढें १८९० च्या अमेरिकेंतील खानेसुमारींत हॉलरिथच्या यंत्रांनीं भोंकें पाडलेल्या पत्रकांवरून माणसें मोजलीं. भोंक आहे किंवा नाहीं, एक किंवा शून्य. आजचा संगणकहि याच दोन अक्षरांत बोलतो.

आपल्या देशांत शालेय संगणकशिक्षणाची पहिली मोठी योजना १९८४-८५ सालीं निघाली. ‘क्लास’ या नांवाच्या त्या सरकारी योजनेंत आरंभीं सुमारें २५० शाळांना बीबीसी मायक्रो यंत्रें मिळालीं. माझ्या शाळेंत संगणक यावयास त्यानंतर बरींच वर्षें लागलीं. मी केवळ मॅट्रिक झालेला मास्तर. गणित शिकवीत असें, म्हणून हा विषयहि माझ्याकडे आला. यंत्रें चार, मुलें साठ. खोलीला कुलूप, पादत्राणें दाराबाहेर. मीं मुलांकडून यंत्राचे भाग पाठ करून घेतले. मुलांनीं परीक्षेंत ते बिनचूक लिहिलेहि. परंतु संगणक काम कसें करतो, असें विचारतांच सारा वर्ग गप्प! तो दोष मुलांचा नव्हता.

एके दिवशीं वीज गेली. पडद्यावर अक्षर कसें उमटतें तें दाखविण्यासाठीं मीं फळ्यावर चौकटी आंखून कांहीं भरल्या, कांहीं रिकाम्या ठेविल्या. पूर्व भागांतील एका विणकराचा मुलगा म्हणाला, “सर, आमच्याकडं चादरीच्या डिझाईनचा कागद असाच असतोय.” दुसऱ्या दिवशीं त्यानें घरून एक जुना पुठ्ठा आणिला. आणि जें मला वर्षभर साधलें नव्हतें, तें त्या पुठ्ठ्यानें एका तासांत साधलें. एक भोंक चुकलें तर प्रत्येक फुलाची तीच पाकळी तुटते. म्हणजे चूक यंत्राची नव्हे, आज्ञेची. माळेचीं टोकें जोडलीं कीं तीच नक्षी पुन्हां पुन्हां येते. म्हणजे एकदां दिलेली आज्ञा शंभरदां वापरतां येते. आज्ञावली, चुकीचा शोध, पुनरावृत्ति, हे शास्त्राचे तीन पाठ झाले. आणि अजून विजेचा पत्ता नव्हता!

आपल्याच जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत आणिले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविला. दहा लक्ष डॉलरांपैकीं निम्मी रक्कम त्यांनीं अन्य नऊ स्पर्धकांना वांटून दिली. हा आम्हां सर्वांस अभिमान आहे. परंतु संगणकाच्या साह्यानें शिकविणें निराळें आणि संगणकशास्त्र शिकविणें निराळें. तो संकेत उघडून धडा पाहणें हें पहिलें झालें; त्याच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी काय बोलतात, हें विचारणें दुसरें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या टप्प्यांत आज्ञावलीलेखन सुचविलें आहे. तें यंत्रांच्या खरेदीवरच थांबलें, तर माझीच चूक गांवोगांव होईल.

म्हणून पालकांना व शिक्षकबंधूंना माझी एवढीच विनंति, कीं मुलाला यंत्रासमोर बसविण्यापूर्वीं एकदां मागासमोर उभें करा. ज्या घरांत दोन पिढ्या पुठ्ठे ओवले गेले, त्या घरच्या मुलाला हें शास्त्र परकें नाहीं. तें त्याच्याच घरचें आहे, हें त्याला कोणीतरी सांगावयास हवें.